दारव्हा ते नागपूर: कॉलेज पाहायला निघताना

कॉलेज पाहायला जायचं तर अकरावीच्या जानेवारीत जावं, संक्रांत आटोपली की. बारावीच्या जानेवारीत प्रात्यक्षिक परीक्षा डोक्यावर असते. मे महिन्यात सीईटी झालेली असते, पण कॉलेजात चिटपाखरू नसतं. निकालानंतर जून-जुलैत जी धावपळ सुरू होते तीत पाहणं होत नाही, फक्त रांगा लावणं होतं. दिवाळीत बाबांना सवड असते म्हणून तेव्हा निघणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना बंद दारं पाहून परतावं लागतं. कॉलेज कामाच्या दिवशी पाहायचं असतं, मंगळवार ते शुक्रवार, तास चालू असताना.

हा मार्ग दारव्हा तालुक्यातल्या विद्यार्थ्यासाठी आखलाय: अमरावती, अकोला, सेवाग्राम, नागपूर आणि परत. पुसद, दिग्रस, आर्णीवाल्यांनाही तोच चालेल. बुलडाण्याकडून येणाऱ्यांनी शेगावपासून धरावा, चंद्रपूर-गडचिरोलीच्यांनी उलटा. विद्यार्थ्यासोबत घरचं एकच मोठं माणूस पुरे. शक्य असेल तर आईला न्यावं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे हे एक. दुसरं असं की होस्टेलचा स्वयंपाक आणि न्हाणीघर ती जसं तपासेल तसं दुसरं कोणी तपासणार नाही. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास मिळतो, पण या मार्गात मधला बराच टप्पा रेल्वेचा आहे, त्यामुळे सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.

निघण्याआधी

एक दोनशे पानी वही घ्यावी. दर कॉलेजला चार पानं. मोबाइलात फोटो काढून भागत नाही, कारण आठवड्याभरानं सगळ्या इमारती सारख्याच दिसायला लागतात.

सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून मागच्या वर्षीच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, फेऱ्यांच्या कटऑफ याद्या उतरवून घ्याव्यात. अभियांत्रिकीच्या यादीत प्रत्येक कॉलेजला सांकेतांक असतो. सुरुवातीचा शून्य सोडला तर पहिला आकडा विभाग सांगतो. १ म्हणजे अमरावती विभाग, ४ म्हणजे नागपूर. त्यापुढे जीओपीईएनएच, जीओपीईएनओ, जीओपीईएनएस अशी अक्षरं येतात आणि घोटाळा होतो तो इथे. शेवटचं अक्षर एच म्हणजे त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांच्या जागा, ओ म्हणजे बाहेरच्यांच्या, एस म्हणजे राज्यपातळीच्या. यवतमाळ जिल्ह्यातून बारावी झालेल्याचं गृह विद्यापीठ अमरावती. म्हणून अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाण्यातल्या कॉलेजांसाठी त्यानं एचची ओळ वाचायची आणि नागपूर-वर्ध्याच्या कॉलेजांसाठी ओची. गृह विद्यापीठाला ७० टक्के आणि बाहेरच्यांना ३० टक्के जागा असल्यानं दोन ओळींत फरक पडतो. नागपूरची एचची ओळ पाहून ‘आपलं होऊन जाईल’ म्हणणारं पोरगं पहिल्याच फेरीत निराश होतं. स्वायत्त कॉलेजांत एस पाहायचा.

मग कॉलेजांना फोन. ‘पाहायला येऊ का’ एवढंच विचारू नये. विभागप्रमुख भेटतील का, होस्टेल आतून पाहता येईल का, त्या दिवशी परीक्षा किंवा गॅदरिंग तर नाही ना, हेही विचारावं. गॅदरिंगच्या दिवशीचं कॉलेज रोजचं कॉलेज नसतं.

पहिला दिवस, मंगळवार: अमरावती

शकुंतला रेल्वे धावत होती तेव्हा दारव्ह्याहून थेट मूर्तिजापूर गाठता यायचं. ती बंद आहे, म्हणून एसटीनं नेरवरून बडनेरा, अमरावती. जानेवारीच्या सकाळी काचेवर दव असतं, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि कापणीला टेकलेली तूर. पहिलीच गाडी धरावी, म्हणजे साडेदहाच्या तासाला कॉलेजच्या दारात उभं राहता येतं.

कठोरा नाक्याजवळचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४चं, स्वायत्त. जवळच शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं व्हीएमव्ही, १९२३चं. अभियांत्रिकी आणि मूलभूत विज्ञान असे दोन्ही रस्ते अर्ध्या दिवसात शेजारीशेजारी पाहायला मिळतात, म्हणून सुरुवात इथून करावी. ज्याला भौतिकशास्त्र मनापासून आवडतं, पण ‘इंजिनिअरिंगच करायचं असते’ असं गावात ऐकत आलाय, त्यानं दोन्हीकडच्या प्रयोगशाळा एकाच दिवशी पाहिलेल्या बऱ्या.

प्रयोगशाळा कशी पाहायची हे पहिल्याच दिवशी पक्कं करून घ्यावं, कारण पुढं सगळीकडे हेच करायचंय. यंत्रं किती, हे मोजू नका. वापरात किती, ते पाहा. कार्यशाळेत लेथ मशीनच्या खालच्या ट्रेमध्ये ताजा कीस आणि तेल दिसलं तर काल-परवा त्यावर हात चाललेत. ट्रे कोरडा, वरून धूळ आणि चकचकीत पाटी, तर मशीन तपासणी समितीसाठी आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फ्यूम हूड, म्हणजे वायू बाहेर ओढणारं कपाट, उघडून पाहावं. त्यात जुने खोके रचलेले असतील तर तो पंखा वर्षभर लागलेला नाही. ब्युरेटच्या तोट्या गळतात का, टेबलाच्या पांढऱ्या फरशीवर डाग आहेत का, बेसिनला पाणी आहे का? डाग असणं चांगलं. संगणक कक्षात एक गोष्ट विचारावी: लाइट गेली की किती वेळ चालतं? तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याची जर्नल मागून पाहावी. दहापैकी दहा प्रयोगांची निरीक्षणं सगळ्यांच्या जर्नलमध्ये दशांशापर्यंत सारखीच असतील, तर प्रयोग एकानं केला आणि बाकीच्यांनी उतरवला.

दुपारी नोटीस बोर्डावरचं वेळापत्रक वाचावं. दोन वाजता अमक्या खोलीत तमका तास लिहिलाय? मग दोन वाजून दहा मिनिटांनी त्या खोलीच्या दारावरून जावं. विदर्भातल्या कितीतरी कॉलेजांत मंजूर पदं रिकामी आहेत आणि तास सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात. ते शिकवतात मन लावून, पण त्यांची नेमणूक सत्रापुरती असते आणि कधी कधी सत्र सुरू होऊन महिना उलटला तरी झालेली नसते. म्हणून आपल्या शाखेत पूर्णवेळ शिक्षक किती आणि सीएचबी किती, हा आकडा वहीत हवाच.

संध्याकाळी मार्डी रोडवरचं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. १९८३चं, परिसर मोठा, जंगलाला लागून. मुद्दाम जायचं कारण वेगळं आहे. गावाकडे ‘विद्यापीठात ॲडमिशन’ हा शब्द सर्रास वापरतात, पण या परिसरातले विभाग प्रामुख्यानं पदव्युत्तर शिक्षणाचे आहेत. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. होतं ते संलग्न महाविद्यालयांत, पाच जिल्ह्यांत पसरलेल्या. पदवीवर नाव विद्यापीठाचं, पण तीन-चार वर्षं जायची ती महाविद्यालयात. तेव्हा विद्यापीठाची बाग पाहून कॉलेज निवडू नये.

दुसरा दिवस, बुधवार: अकोला

बडनेऱ्याहून सकाळची गाडी. अमरावती शहरापासून बडनेरा स्टेशन दहा किलोमीटरवर आहे. ऑटोला अर्धा तास धरावा.

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९चं. कृषी, उद्यानविद्या, वनविद्या, कृषी अभियांत्रिकी अशी महाविद्यालयं याच परिसरात आहेत, म्हणजे इथे विद्यापीठाच्या आवारात पदवीही होते. कालच्याच्या उलट. बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, प्रवेश सीईटीतून, पीसीएम आणि पीसीबी दोघांनाही दार उघडं. शेतकऱ्याच्या मुला-मुलीला सातबाऱ्यावर प्रवेशात जादा गुणभार मिळतो. सातबारा कोणाच्या नावानं आहे आणि नातं सिद्ध करायला कोणता दाखला लागतो, हे आताच विचारून घ्यावं. आजोबांच्या नावावरची जमीन, वारसनोंद झालेली नाही, आणि तलाठ्याकडे जुलैत चकरा, ही दरवर्षीची गोष्ट आहे. फेरफार जानेवारीत टाकला तर जुलैत हाती असतो.

कृषीच्या पदवीत शेवटच्या वर्षी ‘रावे’ असतं, ग्रामीण कृषी कार्यानुभव, म्हणजे विद्यार्थ्यानं खेड्यात राहून काम करायचं. खासगी कृषी महाविद्यालय निवडणार असाल तर हे मुख्य ठिकाण डोळ्यांसमोर ठेवून तुलना करावी: प्रक्षेत्र किती हेक्टर, त्यातलं ओलिताचं किती, विद्यार्थ्याला पीक उभं करायला स्वतःचा वाफा मिळतो का, की ट्रॅक्टर फक्त उद्घाटनाच्या फोटोत आहे. आमच्या मते, ज्या कृषी महाविद्यालयाच्या शेतात जानेवारीत हरभरा किंवा गहू उभा नाही तिथे पैसे भरू नयेत.

अकोल्यात होस्टेल नीट पाहावं. पाच वाजता जावं, मुलं तासावरून परतलेली असतात. वॉर्डनसोबत एक फेरी मारावी आणि मग एकटं, एका मजल्यावर. न्हाणीघराबाहेर रंगानं नावं लिहिलेल्या बादल्यांची रांग आणि प्रत्येकीत पाणी भरून ठेवलेलं दिसलं तर समजावं, नळ दिवसभर नसतो. बादलीच्या काठावर आणि तोटीच्या तोंडाशी पांढरा थर जाड असेल तर बोअरचं जड पाणी. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात हा प्रश्न मोठा आहे, तिथे पिण्याचं पाणी कुठून येतं ते वेगळं विचारावं लागतं. आणि विचारायचं ते वॉर्डनला नाही, सेकंड इयरच्या पोराला: “भाऊ, पानी कवा येते इथं? आन् एप्रिलात?” एप्रिलचं उत्तर वहीत लिहून घ्यावं. आज जानेवारी आहे, पाणी सगळीकडेच असतं.

मुलींच्या होस्टेलचे प्रश्न आणखी आहेत. गेट किती वाजता बंद होतं, वॉर्डन आवारातच राहतात की घरी जातात, रात्री ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं, स्टेशनवरून रात्री नऊला उतरलेली मुलगी आत कशी येते. कंपाउंडच्या दिव्यांपैकी किती लागतात हे अंधार पडेपर्यंत थांबून पाहावं. रॅगिंगविरोधी समितीची नावं आणि फोन भिंतीवर असायलाच हवेत; यूजीसीची २४ तासांची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही आहे.

मेसमध्ये पाहुण्यांचं कूपन घेऊन जेवावं, पण बाराला नाही. दीडला. उशिरा येणाऱ्याच्या ताटात काय पडतं, पोळी गरम आहे का, वरण पातळ केलंय का, तेव्हाच कळतं. रविवारी रात्री मेस बंद असते का आणि गावाला गेल्यावर खाडे कापतात का, हेही विचारावं. किती दिवस आधी सांगितलं तर खाडा धरतात, ही अट प्रत्येक मेसची वेगळी असते आणि महिन्याचं बिल त्यावर हलतं.

ज्यांना अभियांत्रिकीच पाहायची आहे त्यांनी अकोल्याहून शेगावला जाऊन यावं. गजानन महाराजांच्या नावाचं तिथलं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३चं आहे. दर्शनही होईल. पण गुरुवार टाळावा. गर्दीत कॉलेज राहून जातं.

तिसरा दिवस, गुरुवार: सेवाग्राम

अकोल्याहून नागपूरकडची सकाळची गाडी. मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव, मग वर्धा आणि पुढचंच स्टेशन सेवाग्राम. दोन्ही वेगळी आहेत आणि सगळ्या गाड्या दोन्हीकडे थांबत नाहीत, तिकीट काढतानाच पाहावं.

महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ला, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानं सुरू झाली. खेड्यातलं वैद्यकीय महाविद्यालय. इथे विद्यार्थ्यांना खादी घालावी लागते, सुरुवातीला आश्रमात राहून शिबिर करावं लागतं, पुढे गावं दत्तक घेऊन कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी करावी लागते. हे ज्याला मनापासून पटतं त्यालाच हे ठिकाण मानवेल. नुसते गुण बसतात म्हणून आलेला विद्यार्थी सकाळच्या प्रार्थनेला वैतागतो. एखाद्या परिसराची राहण्याची पद्धतच तुमच्यासाठी आहे की नाही, हे ठरवायला सेवाग्रामइतकं स्पष्ट उदाहरण विदर्भात नाही, म्हणून वैद्यकीयला न जाणाऱ्यांनीही थांबावं.

वैद्यकीय कॉलेज पाहताना इमारत सोडून द्यावी आणि सकाळी नऊला ओपीडीत उभं राहावं. डॉक्टर रुग्णांवर शिकतो. ओपीडी भरलेली, वॉर्डातल्या खाटा भरलेल्या, आणि खाटेभोवती विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन शिकवणारे शिक्षक, हे दिसलं की बाकी चुना-रंगाची काळजी नको. उलट संगमरवरी जिने आणि रिकाम्या खाटा असतील तर पुढं जावं. नीटमध्ये पर्याय रँकवर ठरतात, तरी यवतमाळ, अकोला, नागपूर, चंद्रपूर, गोंदिया अशी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं विदर्भात आहेत आणि त्यांचा क्रम लावायचा प्रसंग येतोच. तेव्हा ही नऊ वाजताची पाहणी कामी येते.

मुक्काम आश्रमाजवळच्या यात्री निवासात करता येतो. रात्री वही काढून हिशेब मांडावा, कारण उद्या नागपूर आहे आणि तिथे आकडे मोठे होतात. हिशेब एका वर्षाचा नको, चारही वर्षांचा. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, होस्टेलची अनामत, दहा महिन्यांची खोली आणि मेस, जाण्यायेण्याचं भाडं, पहिल्या वर्षाची पुस्तकं आणि साहित्य. समजा मेस आणि खोली मिळून महिन्याला ५,५०० रुपये, तर दहा महिन्यांचे ५५,००० आणि चार वर्षांचे २,२०,०००. शुल्क सवलतीनं माफ झालं तरी हा खर्च माफ होत नाही. बरीच घरं नेमकी इथे अडकतात: ‘फी लागत नाही’ ऐकून प्रवेश घेतात आणि दिवाळीपर्यंत कापसाचे पैसे मेसमध्ये संपतात.

सवलती खऱ्या आहेत, पण प्रत्येकीला अट आहे. २०२४-२५पासून आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतलं तर नाही. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार, अनुसूचित जमातीच्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली तर यांतला राहण्या-जेवणाचा भत्ता सोबत मिळत नाही. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. बँकेत ‘आधार लिंक’ झालंय एवढ्यावर समाधान मानू नये, डीबीटीसाठी तेच खातं नोंदलंय का ते विचारावं.

चौथा दिवस, शुक्रवार: नागपूर

सेवाग्रामहून नागपूर सव्वा-दीड तास. स्टेशनवरूनच मेट्रो मिळते. सीताबर्डीला दोन मार्ग एकमेकांना छेदतात: एक खापरीकडे, दुसरा लोकमान्य नगरकडे. कोणतं कॉलेज मेट्रोपासून किती पायी, हे नागपुरात महत्त्वाचं आहे. पत्त्यात ‘नागपूर’ लिहिलेली पुष्कळ खासगी कॉलेजं हिंगणा, वर्धा रोड, कामठीकडे शहरापासून लांब आहेत. कॉलेजची बस असते, तिचं भाडं शुल्कपत्रकात वेगळ्या ओळीत असतं, आणि संध्याकाळी पाचची बस गेली की ग्रंथालयात थांबलेल्यानं काय करायचं, ते विचारून घ्यावं.

दक्षिण अंबाझरी मार्गावरचं व्हीएनआयटी १९६०चं. इथे सीईटीचे गुण चालत नाहीत, जेईई मेन आणि जोसा ही देशपातळीची प्रवेशप्रक्रिया. निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी झालेल्यांना आहेत, हे गावाकडच्या मुलांना कोणी सांगतच नाही. बुटीबोरीकडच्या वारंग्याची आयआयआयटीही जेईई मेनमधून भरते, पण तिथे राज्याचा कोटा नाही. अकरावीत हे कळलं तर जेईईचा अर्ज भरायला एक वर्ष हातात असतं.

अमरावती रोडवरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, एलआयटी, १९४२ची, आता स्वतंत्र विद्यापीठ. तेल, रंग, खाद्यपदार्थ, पॉलिमर, कागद अशा रासायनिक तंत्रज्ञानाच्या शाखा इथे आहेत. सोयाबीन आणि सरकीच्या प्रदेशातल्या मुलाला तेल तंत्रज्ञान नावाची शाखा असते हे ठाऊकच नसतं, तो संगणकाच्या मागं लागून दूरच्या कॉलेजात जातो. इथे एक तास जास्त द्यावा, त्यांची यंत्रं चालू असताना पाहावीत. मूलभूत विज्ञानासाठी सिव्हिल लाइन्समधली १९०६ची विज्ञान संस्था आहे, आणि त्याच वर्षीचं कृषी महाविद्यालय महाराजबागेलगत.

खासगी कॉलेजात शिरताच स्वागत कक्षात नेतात, चहा देतात, प्लेसमेंटचं पत्रक देतात. चहा घ्यावा. पत्रकावर तीन प्रश्न: हा आकडा कोणत्या शाखेचा, त्या वर्षी त्या शाखेत शेवटच्या वर्षाला विद्यार्थी किती होते, आणि सर्वात मोठं पॅकेज नको, मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले? दर्जा तपासणाऱ्या संस्था दोन. नॅकची श्रेणी सगळ्या संस्थेची असते. एनबीएची मान्यता एकेका शाखेची असते आणि तिला मुदत असते. ज्या शाखेत जायचं त्या शाखेची, तुम्ही पास होईपर्यंतची मुदत पाहावी. शुल्क ऐकीव घेऊ नये, शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेला आकडा ताडून पाहावा.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. बारावीच्या परीक्षेनंतर गावोगावी माणसं फिरतात, ‘कागदं द्या, सीट पक्की करतो’ म्हणतात. मूळ टीसी, मार्कमेमो कोणाच्या हाती द्यायचा नाही; यूजीसीच्या नियमानं महाविद्यालयालाही मूळ कागद पडताळून परत द्यावे लागतात. सीईटीचा लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल नंबर विद्यार्थ्याचा किंवा आई-बाबांचाच असावा. दुसऱ्याच्या नंबरावर नोंदणी झाली की पसंतीक्रम तोच भरतो, आणि पहिल्या क्रमांकावर त्याला हवं ते कॉलेज टाकतो. कॅपमध्ये पहिला पसंतीक्रम मिळाला की तो आपोआप पक्का होतो, पुढच्या फेरीचा रस्ता बंद.

पाचवा दिवस, शनिवार: परत

सकाळी खोल्या पाहाव्यात. सगळ्यांना होस्टेल मिळत नाही. कॉलेजपासून पायी जाता येईल अशा दोन-तीन ठिकाणी भाडं, अनामत, वीज वेगळी की धरून, आणि भाडेकरार लिहून देतात का ते विचारून घ्यावं. करार नसेल तर निर्वाह भत्त्याच्या अर्जात अडतं. दुपारच्या एसटीनं वर्धा, कळंब, यवतमाळ करत दारव्हा.

वही दोन दिवस बाजूला ठेवावी आणि मग क्रम लावावा. क्रम लावताना मागच्या वर्षीचा कटऑफ पाहू नये. कटऑफ कामाचा आहे तो यादीत किती सुरक्षित नावं खाली घालायची हे ठरवायला. वरचा क्रम मनाचा आणि हिशेबाचा: जिथे तास होतात, प्रयोग होतात, चार वर्षांचा खर्च घराला झेपतो. वरची मोठी नावं टाकल्यानं खालच्या नावावरचा हक्क जात नाही, प्रणाली वरून खाली पाहत येते. शाखा आधी की कॉलेज आधी, हा वाद घरात होईलच. आमचं म्हणणं असं की अभियांत्रिकीत ज्या कॉलेजच्या प्रयोगशाळा चालू सापडल्या तिथली दुसऱ्या पसंतीची शाखा घ्यावी. कृषी आणि मूलभूत विज्ञानात मात्र विषय सोडू नये.

त्याच आठवड्यात जात पडताळणीचा प्रस्ताव कनिष्ठ महाविद्यालयामार्फत समितीकडे लावावा आणि पोच पावती जपावी. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला शोधायला वेळ लागतो, कधी तो शेजारच्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या रजिस्टरात निघतो. अधिवास प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेयर सेतू केंद्रातून निघतात. नॉन-क्रीमीलेयरची मुदत प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष संपतानाच्या ३१ मार्चपर्यंत तरी असावी, म्हणून ते आता न काढता बारावीच्या एप्रिलनंतर काढावं.